हर की दूनच्या थंडीत मुक्कामाचे सतरा तास

नाशिकरोडच्या पाच जणांच्या गटाने विचारलंय. थोडक्यात असं: "आम्ही नियमित गड करतो. हरिहर, साल्हेर, कळसूबाई झाले, यंदा अलंग-मदन-कुलंगही केलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडात हर की दूनला जायचंय. तंबू आमचे, स्वयंपाक आम्हीच करणार, गाइड नको असं ठरतंय. स्टॅमिन्याची चिंता नाही. थंडीसाठी काय काय सामान घ्यावं?"

सामानाचं सांगतोच, पण आधी एक हिशेब मांडू. डिसेंबरअखेर त्या दरीत ऊन उतरायला सकाळचे साडेआठ-नऊ वाजतात आणि दुपारी तीन-साडेतीनला ते समोरच्या धारेमागे जातं. तुम्ही चालणार सहा ते सात तास. म्हणजे दिवसाचे सतरा तास तुम्ही चालत नसता. तंबूशी झटापट, पाणी आणणं, चूल पेटण्याची वाट बघणं, जेवणं, झोपणं, मध्यरात्री उठणं आणि पहाटे गोठलेल्या बुटात पाय कोंबणं, हे सगळं त्या सतरा तासांत येतं. अलंगचा कातळ चढलेल्या माणसाला हर की दूनची वाट अवघड नाही. नदीकाठाने, देवदार-पाइनच्या जंगलातून, गावांवरून जाणारी बांधीव पायवाट आहे. माणसं परत फिरतात ती या सतरा तासांमुळे. सह्याद्रीत आपल्याला या तासांची सवयच लागत नाही, कारण आपल्याकडे संध्याकाळी पाय मोकळे करून कट्ट्यावर बसलं की दिवस संपतो.

ठिकाणाबद्दल थोडं. हर की दून गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानात येतं, उत्तरकाशी जिल्ह्यात. 1955 साली हे अभयारण्य म्हणून जाहीर झालं, राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा नंतरचा. डेहराडूनहून मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड असं करत सांकरी. अंतर दोनशे किलोमीटरच्या आत, पण घाटरस्त्याने अख्खा दिवस जातो. नैटवाडला रूपिन आणि सुपिन एकत्र येऊन टौंस होते. तुम्ही सुपिनच्या काठाने वर जाणार. सांकरी साधारण 1950 मीटरवर, तिथून 12 किलोमीटरवर तालुका, पुढे गंगाड, ओसला आणि शेवटी हर की दून 3566 मीटर. समोर स्वर्गारोहिणी, 6252 मीटर. पांडव इथूनच स्वर्गाला गेले असं तिथली माणसं सांगतात.

आता उंचीची तुलना करा. नाशिक शहर 600 मीटरच्या आसपास. कळसूबाई 1646, साल्हेर 1567. म्हणजे तुमचा ट्रेक जिथून सुरू होतो ती सांकरीच कळसूबाईच्या माथ्याहून तीनशे मीटर उंच आहे. दर हजार मीटरला तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या लावून बसतात आणि आपण पेपरात बातमी वाचतो. हर की दूनला डिसेंबरअखेर दुपारी उन्हात तेवढं असलं तरी बरं म्हणायचं. रात्री उणे पाच ते उणे दहा धरून चाला, बर्फ पडून आकाश निरभ्र झालं तर त्याहून खाली.

म्हणून माझं पहिलं मत: पहिल्याच वेळी डिसेंबरचा शेवटचा आठवडा नको. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा घ्या. आकाश स्वच्छ, बर्फ फक्त शिखरांवर, रात्री शून्याच्या आसपास. चुका झाल्या तरी निभावतात. नाताळच्या सुट्टीचाच आग्रह असेल, तर पुढचं सगळं नीट वाचा आणि गाइडबाबतचा निर्णय बदला.

थंडीत माणूस आधी स्वतःच्या घामाने भिजतो. आपल्याकडे घाम आला की वाऱ्यावर वाळतो, बरंच वाटतं. तिथे ओसल्याच्या चढावर जॅकेट घालून चढलात तर आतला थर ओला होतो. चालताना कळत नाही, कारण शरीर भट्टीसारखं तापलेलं असतं. मुक्कामाला पोचता, सॅक टाकता, फोटो काढता, कुणीतरी चहाचं विचारतं, तेवढ्यात ऊन जातं. दहा मिनिटांत पाठ गार पडते, मग दात वाजायला लागतात, आणि मग अंगावर कितीही कपडे चढवले तरी ऊब येत नाही, कारण सगळ्यात आत ओलं फडकं आहे.

उपाय साधा आहे पण कंटाळा न करता पाळावा लागतो. सकाळी निघताना किंचित थंडी वाजत असली पाहिजे. अंगावर एक पातळ थर्मल आणि वाऱ्यासाठी पातळ जॅकेट, बस. पंधरा मिनिटांनी थांबून अजून एक थर काढायचा की ठेवायचा ते ठरवा. चढावर वेग असा ठेवा की गप्पा मारता आल्या पाहिजेत. मुक्कामाला पोचल्याबरोबर, तंबू लावायच्याही आधी, आतला ओला थर काढून कोरडा घाला, टोपी घाला, मग वरून जाड जॅकेट. उघड्या अंगाने तीस सेकंद काकडायला होतं, ते सोसा. हे सगळ्यांनी केलं की नाही हे बघायचं काम एकाला नेमून द्या. "मला नाही थंडी वाजत" म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो, त्याच्याकडे जास्त लक्ष.

कपड्यांचं यातूनच ठरतं. सुती काही नको. बनियन नको, जीन्स तर नकोच. सूत पाणी धरून ठेवतं आणि वाळत नाही. थर्मलचे दोन जोड, त्यातला एक फक्त झोपायचा, तो घालून कधीही चालायचं नाही. मोज्यांचंही तसंच: दोन जोड चालायचे, एक जाड लोकरी जोड फक्त स्लीपिंग बॅगेतला. एक फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं जॅकेट, एक डाउन म्हणजे पिसांचं किंवा सिंथेटिक जाड जॅकेट, वारा-पाऊस अडवणारं वरचं जॅकेट आणि पँट. हातमोजे दोन प्रकारचे, पातळ आत आणि जाड बाहेर. दोर बांधणं, गॅस लावणं पातळ घालूनच करता येतं. फ्लीस आणि लोकरी टोप्या शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये हिवाळ्यात रास्त भावात मिळतात, त्यासाठी ब्रँडच्या मागे लागू नका. पैसे खर्च करायचे ते बूट, स्लीपिंग बॅग आणि मॅट या तीन गोष्टींवर.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन आकडे छापलेले असतात: कम्फर्ट, लिमिट आणि कधीकधी एक्स्ट्रीम. दुकानदार नेहमी सगळ्यात खालचा आकडा सांगतो. एक्स्ट्रीम म्हणजे त्या तापमानात माणूस कसाबसा जिवंत राहील, झोप लागेल असं नाही. तुम्ही फक्त कम्फर्टचा, म्हणजे आरामात झोप लागेल तो आकडा बघा आणि तो उणे दहाच्या जवळचा असू द्या. एवढी बॅग विकत घेणं महाग पडतं, भाड्याने सांकरीत मिळते. भाड्याची घेताना चेन पूर्ण वरपर्यंत लागते का ते तिथेच बघा आणि आतून हात फिरवून पिसं एका कोपऱ्यात गोळा झालीत का ते चाचपा.

बॅगेपेक्षाही मॅटकडे दुर्लक्ष होतं. अंगाखाली बॅगेतली पिसं दबतात, त्यांच्यातली हवा निघून जाते आणि थंडी खालून, जमिनीतून येते. आपल्या गडांवरच्या देवळात सतरंजी टाकून झोपणाऱ्याला हे पटायला वेळ लागतो. फोमच्या दोन मॅट एकावर एक टाका, मध्ये रिकामी सॅक पसरा. हवा भरायची मॅट असेल तर तिच्याखाली एक फोमची असलीच पाहिजे. पंक्चर झाली तर रात्र निघेल.

झोपण्यापूर्वी बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवा. सकाळी तेच प्यायचं पाणी. उरलेल्या बाटल्या उलट्या ठेवा. पाणी वरून गोठत येतं, उलटी ठेवली की बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड उघडतं. नळीतून प्यायच्या पिशव्या घेऊ नका, नळी पहिल्या सकाळीच गोठते. पाणी गाळायची बारीक नळ्यांची फिल्टरं एकदा आतून गोठली की निकामी होतात आणि बाहेरून काही कळतही नाही. पाणी उकळूनच प्या.

मोबाइल, पॉवर बँक, हेडटॉर्चचे सेल, सगळं बॅगेत पायाशी. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. बुटांच्या लेस पूर्ण सैल करून, जीभ बाहेर ओढून ठेवा, नाहीतर सकाळी ते लाकडासारखे होतात. दमट मोजे पोटावर, थर्मलच्या आत ठेवून झोपा. ऐकायला कसंतरी वाटतं, पण सकाळी ते कोरडे असतात.

आणि रात्री लघवीला लागली की उठा. "सकाळी बघू" म्हणत तीन तास तळमळण्यापेक्षा पाच मिनिटं बाहेर जाऊन आलेलं बरं. येऊन चार बदाम तोंडात टाका आणि बॅगेत शिरून पोटाचे स्नायू आवळत-सोडत राहा. गटातल्या मुलींनी रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करू नये. उंचीवर पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, आणि ते उंचीमुळे की तहानेमुळे हेच कळेनासं होतं.

तंबू बंद करून झोपू नका. पाच माणसांच्या श्वासातली वाफ कापडावर जमते, गोठते आणि पहाटे कुणाची कोपरं लागली की अंगावर पडते. वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. आत स्टोव्ह पेटवायचा नाही आणि कोळशाची अंगीठी तर चुकूनही आत घ्यायची नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेत माणूस जातो. दर हिवाळ्यात डोंगराळ भागातून अशा बातम्या येतात.

स्वयंपाक स्वतः करू म्हणताय, तर गॅसची गोष्ट समजून घ्या. पंजाब मेल धरून दिल्लीला जा किंवा विमानाने जा, गॅसचा डबा सोबत नेता येत नाही. तो डेहराडूनला घ्यायचा. स्वस्त डब्यात बहुतांश ब्युटेन असतो आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली त्याची वाफच होत नाही. डबा हलवला की आत द्रव खळखळतो, ज्योत मात्र पिवळी, बोटभर आणि मग गायब. आयसोब्युटेन साधारण उणे बारापर्यंत चालतो, प्रोपेन त्याच्याही बराच खाली. दोन्हींचं मिश्रण लिहिलेला डबा मागा. तो रात्री बॅगेत घेऊन झोपा आणि वापरताना जमिनीवर नको, फोमच्या तुकड्यावर ठेवा.

साडेतीन हजार मीटरवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. खळखळ उकळलेल्या पाण्यात तुरीची डाळ तासाभरानेही दाणेदार राहते. छोटा कुकर न्यायचा नसेल तर डाळ, राजमा, छोले विसरा. मूगडाळीची खिचडी कुकरमध्ये, नाहीतर शेवया, उपमा, भाजणी. मेतकूट-भात थंडीत जेवढा जातो तेवढा दुसरं काही जात नाही, मात्र वर तूप सढळ घाला. खिशातला खाऊ आपला नाशिकचाच उत्तम: मनुके, चिवडा, गूळ-शेंगदाण्याची चिक्की. डिंकाचे लाडू न्या, पण ते सॅकेत ठेवले तर दगड होतात. सकाळी दोन लाडू आतल्या खिशात टाकायचे म्हणजे अकरापर्यंत दाताला लागण्यासारखे होतात. तहान-भूक तिथे आपणहून लागत नाही. दर तासाला खा.

आता गाइड. पाच जण, पहिला हिमालय, बर्फ, आणि गाइड नको? मला हे पटत नाही. वाट चुकण्याची भीती कमी आहे. पण कोणत्या ओढ्यावरचं लाकडी साकव सकाळी काचेसारखा असतो, कुठल्या कातळाखाली वारा लागत नाही, परवा पडलेल्या बर्फानंतर वरची वाट उघडी आहे का, हे सांकरी-ओसल्याच्या माणसालाच ठाऊक असतं. त्याच्या बरोबर एक स्वयंपाकी आणि एक-दोन खच्चर किंवा पोर्टर घेतलेत, तर तुमच्या पाठीवरचं ओझं सात-आठ किलोवर येतं आणि मुक्कामाला पोचल्यावर आयता चहा हातात पडतो. तो चहा म्हणजे चैन नाही, वर सांगितलेल्या सतरा तासांची सुरुवात नीट होते. शिवाय पैसा त्या खोऱ्यात राहतो. हिवाळ्यात तिथे शेती नसते; राजमा, बटाटा, चौलाई, म्हणजे आपला राजगिरा, हे सगळं आधीच घरात आलेलं असतं.

तंबूचाही हट्ट सोडा. गंगाड किंवा ओसल्याला घरगुती राहण्याची सोय होते. देवदाराच्या लाकडाची घरं, खाली गुरं, वर माणसं, मध्ये चूल. निदान वर जाताना आणि येताना एकेक रात्र तिथे काढा. वरच्या मुक्कामाबाबत नैटवाडच्या वनखात्याच्या नाक्यावर, जिथे प्रवेशाची पावती फाडावी लागते, तिथेच विचारा. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. त्यामुळे तंबू कुठे लावू देतात हे जुन्या व्हिडिओवरून ठरवू नका. उद्यानात सरपण तोडून शेकोटी करायची नाही, कचरा खाली आणायचा. प्लॅस्टिकचं वेष्टण नाशिकलाच काढून सगळं पिशव्यांत भरलंत तर तो अर्धा कमी होतो.

उंचीबद्दल. हर की दूनला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 65 टक्के असतो, म्हणजे दर श्वासाला प्राणवायू तेवढाच. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, हा जगभर पाळला जाणारा नियम. ओसला अडीच हजारांच्या वर आहे; तिथून एका दमात वर जाऊन झोपण्यापेक्षा मध्ये तीन हजारांच्या आसपास एक मुक्काम करा, तिथून हर की दून बघून खाली झोपायला या. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न येणं ही उंची बाधल्याची सुरुवात. त्या दिवशी वर जायचं नाही. विश्रांती घेऊनही वाढत असेल तर खाली, रात्र असली तरी. बसल्या जागी धाप, ओला खोकला, किंवा सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता न येणं, यातलं काहीही दिसलं तर चर्चा न करता उतरायचं, आजारी माणसासोबत गाइड आणि आणखी एक जण. डायमॉक्स, म्हणजे उंची बाधू नये म्हणून घ्यायची गोळी, घ्यायची का ते इथेच तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः कुणाला सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर. बीपी, दमा असलेल्यांनी लपवू नका. अलंग चढणाऱ्या तरण्याबांड पोरालाही उंची बाधते. फिटनेसचा आणि याचा संबंध फारच थोडा, उलट तो जोरात चढतो म्हणून त्याला आधी बाधते.

थंडी बाधल्याची खूण वेगळी. हात चुकायला लागतात, चेन लावता येत नाही, बोलताना जीभ जड होते, माणूस चिडचिडा किंवा एकदम गप्प होतो. काकडणारा माणूस अजून ठीक असतो. काकडणं थांबलं आणि तो सुस्तावला तर प्रकरण गंभीर. वाऱ्यातून आडोशाला, ओले कपडे काढून कोरडे, बॅगेत, खाली मॅट, शुद्धीत असेल तर गोड गरम पाणी. हातपाय चोळायचे नाहीत. रम तर अजिबात नाही. तिने कातडीला ऊब वाटते, पण रक्त बाहेरच्या बाजूला येऊन आतली उष्णता निसटते. एकतीस डिसेंबरला तिकडे जाताय म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

बर्फ असेल तर बुटांना मायक्रोस्पाइक (तळाला चढवायचे खिळे) आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर गुंडाळायचं आवरण) लागतात, दोन्ही सांकरीत भाड्याने मिळतात. गॉगल प्रत्येकाला हवा. ताज्या बर्फावरचं ऊन डोळे एका दिवसात लाल करतं.

तयारी नाशिकमध्ये काय करता येईल? पांडवलेण्याच्या पायऱ्या करताय ते चालू ठेवा, पण पाठीवर दहा किलो घेऊन आणि उतरताना सावकाश, गुडघ्यांवर लक्ष ठेवून. शनिवारी रतनगड, रविवारी कळसूबाई असे सलग दोन दिवस करा. एकदिवसीय गड कितीही केले तरी दुसऱ्या सकाळी आखडलेल्या पायांनी पुन्हा निघायची सवय त्यातून येत नाही. आणि नोव्हेंबर-डिसेंबरातली सगळ्यात गार रात्र बघून भंडारदऱ्याला किंवा निफाडच्या कुणा मित्राच्या मळ्यात, उघड्यावर, तुमच्या त्याच बॅगेत आणि त्याच मॅटवर झोपा. स्वयंपाकही तिथेच, हातमोजे घालून करा. सात-आठ अंशांत ज्याची पाठ गार पडली त्याला मॅट कमी पडतेय हे तिथेच कळेल आणि दुकान अजून हाताशी असेल.

शेवटचं, वेळापत्रकाचं. सांकरी ते सांकरी सहा दिवस धरा आणि त्यावर एक दिवस मोकळा ठेवा. बर्फ पडला की मोरी-सांकरी रस्ता अडतो, जीपवाला येत नाही. परतीचं रेल्वेचं आरक्षण त्या मोकळ्या दिवसानंतरचं काढा. सांकरीच्या पुढे रेंज धरू नका. घरी सांगून जा की अमुक तारखेपर्यंत फोन येणार नाही, आणि त्या तारखेनंतर कुणाला फोन करायचा तो गाइडचा नंबर घरी कागदावर लिहून ठेवा. रोख पैसे डेहराडूनला किंवा फार तर पुरोल्याला काढा. आणि ऑक्टोबरचं काय ते आधी ठरवा, म्हणजे बॅग कुठली घ्यायची ते सांगता येईल.